टीजीएन १४१२: सहनशीलता वाढवायला निघालेलं औषध

१३ मार्च २००६. लंडनच्या वायव्य भागात नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात एक खासगी चाचणी केंद्र होतं. तिथे त्या सकाळी सहा निरोगी तरुणांना एका नव्या औषधाची माणसावरची पहिली मात्रा शिरेतून दिली गेली. चोवीस तास उलटायच्या आत सहाही जण अतिदक्षता विभागात होते.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी औषध कंपन्यांच्या बेफिकिरीचा नमुना म्हणून सांगितलं जातं. कागदपत्रं पाहिली की तसं म्हणणं अवघड होतं. मात्रा ठरवण्याची पद्धत त्या काळच्या नियमांत बसणारी होती, परवानग्या रीतसर घेतलेल्या होत्या, आणि मुळातलं संशोधन तर उत्तम होतं. तरीही सहा जण मरणाच्या दारापर्यंत गेले. कोणता निर्णय कुठे घेतला गेला आणि त्या वेळी हाताशी काय माहिती होती, ते इथे क्रमाने मांडलं आहे. सहा तरुणांची नावं तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती; इथे त्यांची गरज नाही.

पार्श्वभूमी

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांपैकी ज्या स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतात, त्या बहुतांशी थायमस ग्रंथीतच मारल्या जातात. पण ही गाळणी पक्की नाही. काही पेशी सुटतात, रक्तात फिरतात, आणि तरी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. का होत नाही, याचं एक मोठं उत्तर म्हणजे नियामक टी पेशी. या पेशी इतर टी पेशींना आवर घालतात. शरीराने स्वतःवर न उलटण्याच्या या गुणालाच सहनशीलता म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पेशीवरच्या सीडी २५ या खुणेवरून त्या ओळखून दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी ३ हा जनुक शोधला, आणि २००३ मध्ये हाच जनुक नियामक पेशी घडवतो हे दाखवून साकागुचींनी हे दोन धागे जोडले. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. आज हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, पण नव्वदच्या दशकात ‘दाबून ठेवणाऱ्या’ टी पेशींचं नाव काढलं की बरेच प्रतिकारशास्त्रज्ञ नाक मुरडत. सत्तरच्या दशकात ‘सप्रेसर’ टी पेशींचा बराच गाजावाजा झाला होता आणि पुढे तो फोल ठरला होता, त्याची ती अढी.

त्याच काळात जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात थॉमस ह्युनिग यांचा गट टी पेशीवरच्या सीडी २८ या रेणूवर काम करत होता. टी पेशी जागी व्हायला दोन संदेश लागतात. पहिला तिच्या स्वतःच्या ग्राहीकडून, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूकडून येतो: ‘हा ओळखीचा शत्रू आहे’. दुसरा सीडी २८ कडून येतो: ‘खरंच धोका आहे, कामाला लाग’. बँकेच्या लॉकरला जशा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तसंच हे. ह्युनिग यांच्या गटाला उंदरांच्या कुळातल्या प्राण्यांवर, म्हणजे रॅटवर, चालणारी अशी प्रतिपिंडं (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं) सापडली की जी सीडी २८ च्या एका विशिष्ट जागी बसली की एका किल्लीतच लॉकर उघडायचा. पहिल्या संदेशाची गरजच उरायची नाही. अशा प्रतिपिंडांना सुपरअ‍ॅगोनिस्ट म्हणतात.

शरीरातल्या सरसकट सगळ्या टी पेशींना चेतवणारं औषध प्राण्याला मारेल, अशी कुणाचीही पहिली अटकळ असेल. रॅट मात्र ठणठणीत राहिले. इतर टी पेशींपेक्षा नियामक टी पेशीच जोमाने वाढल्या, आणि मज्जासंस्थेवर किंवा सांध्यांवर प्रतिकारशक्ती उलटल्याने आजारी पडलेले प्राणी सुधारले. नियामक पेशी सीडी २८ च्या संदेशावर आणि इंटरल्युकिन-२ या संदेशवाहक प्रथिनावर विशेष पोसल्या जातात, हे त्यामागचं कारण. हा निष्कर्ष खरा होता, आजही खरा आहे. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नये.

या कामातून २००० मध्ये वुर्झबर्गला टेजेनेरो ही छोटी कंपनी निघाली. माणसाच्या सीडी २८ ला चिकटणारं प्रतिपिंड तयार झालं, ते मानवी साच्यात बसवलं गेलं, आणि त्याला टीजीएन १४१२ हे नाव मिळालं. लक्ष्य दोन आजारांचं होतं: बी पेशींचा दीर्घकालीन ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि आमवात. गंमत अशी, की चाचणीच्या जेमतेम तीन महिने आधी, डिसेंबर २००५ मध्ये, अमेरिकेत आमवातासाठी अबाटासेप्ट मंजूर झालं होतं. ते सीडी २८ चा हाच दुसरा संदेश अडवतं. एकाच आजारावर एक औषध ही किल्ली फिरू देत नाही आणि दुसरं ती गरगर फिरवतं. दोन्हींच्या मागे चांगलं शास्त्र होतं. प्रतिकारशास्त्रात असं होतं.

अडचण: सुरुवात किती मात्रेने करायची

माणसाला पहिल्यांदाच द्यायच्या औषधाची मात्रा तेव्हा एका ठरलेल्या वाटेने काढत. प्राण्यांना वाढत्या मात्रा द्यायच्या. जिथवर अपाय दिसत नाही ती सर्वांत मोठी मात्रा पकडायची. माणसाच्या हिशेबात ती बसवायची. आणि सुरक्षिततेसाठी तिला दहाने किंवा त्याहून मोठ्या आकड्याने भागायचं.

इथे प्राणी होता सायनोमोल्गस माकड. त्याच्या सीडी २८ ची बाहेरची रचना माणसाच्या सीडी २८ शी जुळते, म्हणून निवड योग्य वाटत होती. माकडांना दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम इतकी मात्रा आठवड्यातून एकदा अशी चार आठवडे दिली. गंभीर काही झालं नाही. माणसाच्या हिशेबात ही मात्रा किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम होते. दहाने भागली तर १.६. कंपनीने त्याहूनही बरंच खाली येऊन ०.१ मिलिग्रॅम निवडली. माकडांना दिलेल्या मात्रेचा हा पाचशेवा भाग. कागदावर पाहणाऱ्या कुणालाही ही मात्रा अति सावध वाटावी.

मानवी रक्तपेशींवरही परखनळीत चाचण्या झाल्या होत्या. द्रावणात मिसळलेलं प्रतिपिंड पेशींवर टाकल्यावर सायटोकाइनचा, म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात त्या प्रथिनांचा, चिंताजनक उसळा दिसला नव्हता.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय हिशेबाचाच होता, पण वेगळ्या हिशेबाचा. ७० किलोच्या माणसाला ०.१ मिलिग्रॅम दराने एकूण ७ मिलिग्रॅम औषध मिळतं. ते सुमारे अडीच लिटर प्लाझ्मात पसरलं की किती संहती होईल आणि त्या संहतीला सीडी २८ च्या किती जागा भरतील, हे प्रतिपिंडाच्या चिकटण्याच्या ताकदीवरून काढता येतं. उत्तर येतं सुमारे ९० टक्के. म्हणजे ‘अति सावध’ दिसणाऱ्या त्या पहिल्याच मात्रेत शरीरातल्या टी पेशींवरच्या जवळपास सगळ्या किल्ल्या एकदम फिरणार होत्या. हे गणित करायला पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं जीवरसायन पुरतं. त्यासाठी लागणारे आकडे कंपनीकडे होते. पण नियमांनी ते मागितलं नव्हतं.

दुसरा पर्याय होता सगळ्यांना एकाच दिवशी औषध न देण्याचा. एकाला द्यायचं, दिवसभर पाहायचं, मग दुसऱ्याला. यात खर्च आणि दिवस वाढतात, पण शास्त्रीय तोटा काहीच नाही.

तिसरा पर्याय निरोगी माणसांऐवजी रुग्णांना घेण्याचा. याच्या बाजूने खूप बोललं गेलं आहे: रुग्णाला निदान फायद्याची शक्यता असते. मला हे इतकं सरळ वाटत नाही. त्याच मात्रेत ल्युकेमियाने आधीच खंगलेले सहा रुग्ण असते, तर सहाही जगले असते का? मात्राच चुकीची असेल तर ती कुणाला दिली यावरचा वाद दुय्यम ठरतो.

चौथा धागा इतिहासातला. टी पेशींना चेतवणारं प्रतिपिंड माणसाला देण्याची ही पहिली वेळ नव्हती. मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलं जाणारं ओकेटी ३ १९८६ पासून बाजारात होतं. ते टी पेशीवरच्या सीडी ३ या रेणूला चिकटायचं आणि पहिल्या मात्रेला सायटोकाइनचा लोट यायचा, हे प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होतं. रॅटमध्ये तशाच प्रतिपिंडाने आणि माकडांत टीजीएन १४१२ ने तसं केलं नाही, या दिलाशाखाली हा इशारा दबला.

१३ मार्चचा दिवस

आठ स्वयंसेवक होते. सहांना औषध, दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं द्रावण. प्रत्येकाला सुमारे २,००० पौंड मानधन. सकाळी आठला पहिल्याला औषध सुरू झालं. प्रत्येकाच्या शिरेतून ते काही मिनिटांतच आत गेलं, आणि दोन स्वयंसेवकांत अंतर ठेवलं गेलं दहा मिनिटांचं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. आठ जणांना दहा दहा मिनिटांच्या अंतराने औषध द्यायला साधारण सव्वा तास लागतो. तीव्र डोकेदुखी सुरू व्हायला लागली ५० ते ९० मिनिटं. पहिल्याचं डोकं ठणकायला लागेपर्यंत जवळपास सगळ्यांच्या शिरेत औषध गेलेलं होतं. या प्रकरणातला सर्वांत स्वस्तात टाळता आला असता असा निर्णय हाच. पहिल्या तरुणाला दिल्यावर दोन तास थांबले असते, तर बाकीचे पाच वाचले असते. रेणूचं शास्त्र, माकडांचं जीवशास्त्र यांत काहीही नवीन कळण्याची त्यासाठी गरज नव्हती.

मग अंगदुखी, मळमळ, जुलाब, त्वचेवर लाली, ताप. काही तासांत रक्तदाब कोसळू लागला. बारा ते सोळा तासांत फुफ्फुसांत पाणी भरल्यासारखे डाग दिसले, मूत्रपिंडं काम सोडू लागली, रक्तवाहिन्यांत आतल्या आत गुठळ्या होऊ लागल्या. सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट रक्ततपासणीत होती: लिम्फोसाइट (यांतच टी पेशी येतात) आणि मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. ज्या पेशी वाढवायला औषध दिलं होतं, त्या रक्तातून गायब.

प्लासिबो मिळालेले दोघे त्याच खोलीत होते आणि ठीक होते.

अतिदक्षता विभागातला निर्णय

सहाही जण हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात हलवले गेले. तिथल्या डॉक्टरांपुढे असा आजार होता की ज्याचं वर्णन कुठल्याही पुस्तकात नव्हतं, कारण हे औषध त्याआधी कुणाही माणसाला दिलेलं नव्हतं. जंतुसंसर्गाचा धक्का समजून उपचार करावेत, की प्रतिकारशक्ती दाबावी? प्रतिकारशक्ती दाबली आणि खरोखरच संसर्ग असला, तर ते घातक. संसर्ग समजून उपचार केले आणि तो नसला, तर प्रतिकारशक्तीचं वादळ तसंच चालू.

त्यांनी श्वास, रक्ताभिसरण आणि डायलिसिसचा आधार देतानाच मिथाइलप्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रा दिल्या आणि इंटरल्युकिन-२ चा ग्राही अडवणारं एक प्रतिपिंडही दिलं. हा ग्राही म्हणजे सीडी २५, साकागुचींनी नियामक टी पेशी ज्या खुणेवरून ओळखल्या तीच. वाचवण्यासाठी वापरलेलं औषध वादळ उठवणाऱ्या पेशींचं खाद्य तोडत होतं, तसंच वादळ शमवू शकणाऱ्या नियामक पेशींचंही. याने किती फायदा झाला हे सहा जणांवरून ठरवता येत नाही. स्टेरॉइडचा उपयोग झाला असावा, असं पुढच्या प्रयोगांतून दिसतं. माझ्या मते त्या रात्री तो निर्णय बरोबर होता. अपुऱ्या माहितीत दोन्ही बाजूंना धोका असताना त्यांनी आजाराचं मूळ ओळखलं.

चार जण त्या मानाने लवकर सावरले. दोघांना दीर्घ शॉक आणि फुफ्फुसांचा तीव्र विकार झाला; एकाला ८ आणि दुसऱ्याला १६ दिवस अवयवांना आधार लागला. एकाची बोटांची टोकं रक्तपुरवठ्याअभावी गेली. सहाही जगले.

चौकशीत काय निघालं

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने आधी नेहमीचे संशयित तपासले. बाटल्यांत भेसळ होती का, मात्रा मोजण्यात चूक झाली का, उत्पादनात काही बिघडलं होतं का. यातलं काहीच नव्हतं. औषध जे होतं तेच होतं, आणि जितकं ठरलं होतं तितकंच दिलं गेलं होतं. निष्कर्ष असा निघाला की ही औषधाचीच, आधी न ओळखलेली, जैविक क्रिया होती. हा निष्कर्ष चुकीच्या बाटलीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारा होता. टेजेनेरो त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

सर गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने वर्षअखेरीस २२ शिफारशी केल्या. त्यातली मध्यवर्ती शिफारस मात्रेबद्दलची: अशा औषधांसाठी ‘अपाय न करणारी सर्वांत मोठी मात्रा’ पाहून चालणार नाही, ‘जैविक परिणाम दिसू लागणारी सर्वांत लहान मात्रा’ पाहा. म्हणजे वर सांगितलेलं ९० टक्क्यांचं गणित आता अपेक्षित. युरोपीय औषध संस्थेची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं याच पायावर उभी राहिली, आणि दोन स्वयंसेवकांमध्ये पुरेसं अंतर ठेवण्याची अटही त्यांत आली.

माकडांत का दिसलं नाही

या प्रश्नाला उत्तर मिळायला काही वर्षं लागली, आणि प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने प्रकरणाचा हाच गाभा आहे.

पहिला सुगावा ब्रिटनच्याच जैविक मानकं ठरवणाऱ्या संस्थेतून आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रतिपिंड द्रावणात न ठेवता प्लास्टिकच्या ताटलीच्या तळाला चिकटवून वाळवलं आणि त्यावर मानवी रक्तपेशी सोडल्या. सायटोकाइनचा लोट उसळला. त्याच पेशी, तेच प्रतिपिंड. फरक फक्त मांडणीचा. मग माकडांच्या पेशींवर तेच केलं, तर शांतता. कारण २०१० मध्ये स्पष्ट झालं: माणसाच्या रक्तात ज्या अनुभवी, स्मृतिधारी सीडी ४ टी पेशींनी हे वादळ उठवलं, त्याच जातीच्या पेशी सायनोमोल्गस माकडात परिपक्व होताना सीडी २८ गमावून बसतात. रेणूचा आकार माकडात आणि माणसात जुळत होता, पण नेमक्या धोक्याच्या पेशीवर तो रेणूच नव्हता.

प्रयोगशाळेतल्या रॅटची अडचण वेगळी. ते रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात वाढतात. त्यांना कधी गोवर होत नाही, फ्लू होत नाही, कुठल्या लग्नातलं जेवण बाधत नाही. त्यामुळे स्मृतिधारी टी पेशी फारशा नसतात, आणि चेतवल्यावर नियामक पेशींना वरचढ व्हायला मोकळं रान मिळतं. पंचवीस-तीस वर्षं गर्दीच्या शहरात जगलेल्या माणसाच्या शरीरात प्रमाण वेगळं असतं. ह्युनिग यांचा मूळ शोध आणि लंडनमधली आपत्ती यांत विरोध दिसतो तो इथे सुटतो: दोन्ही ठिकाणी अशा प्रतिपिंडाने तेच केलं, फक्त कोणत्या पेशी आधी आणि किती संख्येने धावल्या ते बदललं.

आणि मानवी रक्ताच्या साध्या चाचणीत काही का दिसलं नाही? याचं उत्तर ह्युनिग यांच्याच गटाने २०११ मध्ये दिलं. टी पेशी बहुतांश वेळ लसिकाग्रंथींत इतर पेशींना खेटून असतात आणि त्या स्पर्शाने किंचित सजग राहतात. रक्तात आल्या की ती सजगता ओसरते. आपण सुईने काढतो ते रक्त, म्हणजे टी पेशींचा मवाळ नमुना. रक्तपेशी दोन दिवस दाटीने वाढवून मग द्रावणातलं टीजीएन १४१२ टाकलं, तर त्या लंडनसारखाच प्रतिसाद देतात. ज्याच्या शोधातून हे सगळं घडलं त्या शास्त्रज्ञाने विषय टाकून न देता त्याच रेणूवर आणखी वर्षं घालवली, हे मला या प्रकरणात विशेष वाटतं. टाकून देणं फार सोपं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

मागाहून शहाणं होण्याचा धोका ओळखून दोन भाग करतो. माकडांच्या स्मृतिधारी पेशी किंवा लसिकाग्रंथींतली सजगता या गोष्टी २००६ मध्ये कुणालाच माहीत नव्हत्या. त्यांचा जाब कुणाला विचारता येत नाही. पण सीडी २८ च्या किती जागा भरतील हे तेव्हाही काढता आलं असतं. ओकेटी ३ चा अनुभव वीस वर्षं जुना होता. स्वयंसेवकांत अंतर ठेवणं तर कधीही शक्य होतं. परवानगी देणाऱ्यांनी अर्जातल्या प्रत्येक रकान्याची तपासणी केली, मात्र ‘हे औषध मुद्दाम नैसर्गिक कुलूप डावलण्यासाठी बनवलं आहे, तर त्याला नेहमीचे रकाने लागू पडतात का?’ असं विचारणारा प्रतिकारशास्त्रज्ञ त्या टेबलाशी बसवणं कुणाच्या नियमात नव्हतं. डफ यांच्या गटाने नंतर अशा तज्ज्ञांचा सल्ला आधी घेण्याचीही शिफारस केली.

त्यानंतर

‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो कोविडच्या लाटेत, टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी पुण्या-मुंबईत नातेवाईक वणवण फिरत होते तेव्हा. ते औषध इंटरल्युकिन-६ चा ग्राही अडवतं. रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या कार-टी उपचारात उठणाऱ्या अशाच वादळासाठी अमेरिकेने त्याला २०१७ मध्ये मान्यता दिली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नेक्सकार १९ या भारतीय कार-टी उपचारातही सायटोकाइनच्या लोटावर लक्ष ठेवणं आणि तो आवरण्याची तयारी ठेवणं हा नित्याचा भाग असतो. २००६ मध्ये नॉर्थविक पार्कच्या डॉक्टरांकडे असा काही लिहून ठेवलेला क्रम नव्हता.

टीजीएन १४१२ मात्र संपलं नाही. एका रशियन कंपनीने ते टीएबी ०८ या नावाने पुन्हा घेतलं आणि निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी सुरू केली ती किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमपासून, म्हणजे लंडनच्या मात्रेच्या हजाराव्या भागापासून. तिथून ती पायरीपायरीने वाढवली, तरी सर्वांत मोठी मात्राही लंडनच्या दहाव्या भागापर्यंत पोचली नाही. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: दाह वाढवणाऱ्या सायटोकाइनचा उसळा नाही, आणि इंटरल्युकिन-१० या दाह शमवणाऱ्या सायटोकाइनमध्ये मात्रेनुसार वाढ. परखनळीतही मात्रा पुरेशी कमी ठेवली की मानवी नियामक टी पेशी इतरांच्या आधी प्रतिसाद देतात. रॅटमध्ये जे दिसलं होतं ते माणसातही होतं, फक्त लंडनपेक्षा खूप लहान मात्रेला.